मुलाखत बसून होते, मग कपडे उभ्यानं का बघता?

(सोलापूरच्या एका टेलरनं अभ्यासिकेतल्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण, थोडं नीट करून)

मागं आवाज येतोय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'मुलाखतीला कपडे कोणते निवडावेत', आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांना रंगाचं नाव ऐकायचंय, आकाशी का पांढरा, ते सांगतो शेवटी. त्याच्या आधी एक गोष्ट, जी मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगतो, आज माईक हातात आहे तर सगळ्यांना एकदमच सांगून टाकतो. मुलाखत बसून होते. दारातून खुर्चीपर्यंत चार पावलं, नमस्कार, आणि मग उठेपर्यंत तुम्ही बसलेलेच. पण कपडे बघता कसे, तर आरशासमोर ताठ उभं राहून, पोट आत घेऊन, फोटो काढून मित्राला पाठवून. त्या आरशात झकास दिसलेलं बरंचसं खुर्चीत बसलं की बिघडतं.

आत्ता सगळे बसलायत तर बघाच स्वतःकडं. शर्टाच्या मधल्या दोन बटणांमधे कापड फाकलंय का? हात मांडीवर ठेवल्यावर बाही मनगटाच्या हाडावरून मागं सरकली का? पँट वर चढून मोजा आणि पँटच्या मधे पाय उघडा पडलाय का? उभे होता तेव्हा यातलं काहीही दिसत नव्हतं. म्हणून माझ्या दुकानात स्टूल ठेवलंय. ट्रायल घातली की पहिलं बसायचं, हात टेबलावर ठेवायचे, मग वाकून खाली ठेवलेली फाईल उचलायची. मांडीत ओढतंय, सीटला ताण येतोय, हे तिथंच कळतं. रेडिमेड घेणार असाल तर ट्रायल रूममधे बसून बघा, स्टूल नसलं तर उकिडवे बसा, कोण हाकलत नाही. मांडीत जरा सैल ठेवतो म्हटलं की पोरं तोंड पाडतात, स्लिमच पाहिजे म्हणतात, पण आकडलेल्या पँटीत बसलेला माणूस सारखा हलतो, सारखा शर्ट खाली ओढतो, आणि समोरच्याचा प्रश्न निम्माच ऐकतो. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता वाद घालत नाही, शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, जास्त ठेवतो आणि परत आला की ती सोडून पँट सैल करून देतो. रेडिमेडमधे पुष्कळदा ती मायाच नसते.

आता ब्लेझर. सर, वेळ झाला की खूण करा, यावर मला मनापासून बोलायचंय.

आपल्याच भागातलं एक कॉलेज, नाव घेत नाही. प्लेसमेंटला बसणाऱ्या सगळ्यांना काळा ब्लेझर आणि टाय कम्पल्सरी. ऑर्डर एकाच ठिकाणी, पैसे आधी, आणि माप म्हणजे काय तर स्मॉल, मीडियम, लार्ज. अख्ख्या देशाच्या शाळांचे गणवेश शिवणारं हे सोलापूर, खांदा बसवणारे कारागीर इथं गल्लोगल्ली, आणि आपल्याच पोरांच्या अंगावर बाहेरून आलेला ढगळ ब्लेझर! बरं कंपनी आली कधी, तर एप्रिलमधे. सोलापूरचा एप्रिल तुम्हाला काय सांगायचा, पारा चाळीसच्या वर. पोरं माझ्याकडं अल्टरला आली तेव्हा मी एक ब्लेझर उसवून बघितला. वरचं कापड पॉलिस्टर, आतलं अस्तर पॉलिस्टर, आणि पुढच्या भागात दोन्हीच्या मधे चिकटवलेलं फ्युजिंग, म्हणजे कापड ताठ राहावं म्हणून लावतात तो थर. छातीवर तीन थर आणि घामाला बाहेर पडायला वाट नाही. एका पोराचा खांदा चांगला दीड इंच बाहेर लोंबत होता. खांदा दुरुस्त करायचा म्हणजे बाही काढा, अस्तर सोडा, मुंडा, म्हणजे बाही जोडायचा गोल, पुन्हा कापा, बाही परत बसवा, जवळजवळ नवा शिवल्यासारखंच काम. त्याचे वडील यंत्रमागावर कामाला, ब्लेझरसाठी मालकाकडनं उचल घेतलेली. मी म्हटलं बाळा, साध्या शर्ट-पँटवर जा, तर म्हणाला काका, ब्लेझर नसला तर यादीतनं नाव काढतात. काय बोलणार? बाही बसवून दिली, मजुरी घेतली नाही. पण राग अजून गेलेला नाही, कारण तेवढ्या पैशात दोन चांगले शर्ट आणि एक पँट झाली असती, जी नोकरीवर रोज घालता आली असती.

आणि कॉलेजवाले हे कंपनीसाठी करतो म्हणतात. इन्फोसिसनं 2015 सालीच रोजच्या फॉर्मल कपड्यांचं बंधन काढून टाकलं. वकिलांचा काळा कोट तर पक्का ना? त्यांच्या बार कौन्सिलच्या नियमातसुद्धा उन्हाळ्यात सूट आहे, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून बाकी कोर्टात तेव्हा काळा कोट सक्तीचा नाही. म्हणजे जिल्हा कोर्टात खुनाचा खटला कोटाशिवाय चालतो आणि आमच्या पोराची मुलाखत चालत नाही. तमिळनाडूत 2014 साली एका क्लबनं हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिथलं धोतर, नेसून आले म्हणून आत घेतलं नाही, तर तिथल्या सरकारनं त्याच वर्षी असल्या बंदीविरुद्ध कायदा केला. आपल्याकडं पालकांनी एकदा प्राचार्यांना जाऊन विचारायला काय हरकत आहे? चार पालक एकत्र गेले तर

हो, आली चिठ्ठी. पाच मिनिटं. मग भराभर सांगतो, लिहून घ्या.

कंपनी किंवा बँक असेल तर फुल बाह्यांचा शर्ट, आकाशी किंवा पांढरा, खाली गडद निळी नाहीतर राखाडी पँट. पांढऱ्यातून आतलं दिसतं आणि काखेत घाम उमटतो म्हणून बाह्यांचा बनियन घाला. मोजे पिंडरीपर्यंत लांब. सरकारी नोकरीचं म्हणाल तर राज्य सरकारनं डिसेंबर 2020 मधे परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना टी-शर्ट नको, स्लिपर नको सांगितलंय, शुक्रवारी खादी घाला म्हटलंय, म्हणजे खादीचा शर्ट घालून गेलात तरी कोणी नाक मुरडणार नाही. यूपीएससीवाले, तुमचे एकूण 2025 पैकी 275 मार्क आयोगाच्या धोलपूर हाऊसमधल्या त्या मुलाखतीच्या खुर्चीवर आहेत. जानेवारीत नंबर लागला तर दिल्लीच्या थंडीत कोट घालाच, तिथं माझा विरोध नाही, फक्त मापाचा शिवा आणि बसताना बटण सोडा, नाहीतर कॉलर मानेवरून वर उचलते. एप्रिलमधे लागला तर कोटाच्या मागं लागू नका.

मुलींनो, साडीची सवय नसेल तर पंजाबी ड्रेस घाला, त्यात काही कमीपणा नाही. साडीच नेसायची तर आधी एक-दोनदा नेसून रिक्षातनं जाऊन या. सुती साडीला खळ हलकी द्या, कडक खळीच्या निऱ्या बसल्यावर फुगतात आणि उठल्यावर चुरगळलेल्या दिसतात. ओढणी पिन करा, खुर्चीच्या हाताला अडकते. ब्लाउजची बाही हात पुढं घेतल्यावर काचते का ते ट्रायललाच बघा.

शेवटचं, कापड शिवायला कधी टाकायचं. लेखीचा रिझल्ट लागायच्या आधी. नंतर सगळे एकदम येतात आणि मग टेलरला शिव्या घालतात. सुती कापड आधी पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही आखडते. शिवून आलं की दोन-तीनदा घालून धुऊन घ्या, कोऱ्या शर्टाची कॉलर मानेला घासते. आणि इस्त्री आदल्या रात्रीच करून ठेवा, सकाळी लाईट जाते.

बाकीचे प्रश्न बाहेर विचारा, मी थांबतोय. माईक घ्या सर.