भिंतीतल्या तारेचं दुसरं काम

(दृश्य : स्वयंपाकघराचा ओटा. मिक्सर. आतल्या खोलीत लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल.)

मिक्सर सुरू झाला की आतल्या खोलीत कॉलवरचा माणूस तोंड उघडं ठेवून तसाच थिजतो. चटणी वाटून होते, मिक्सर थांबतो, माणूस पुन्हा बोलायला लागतो. या घरात आठवडाभर सगळे याला योगायोग समजत होते.

पुण्यातली दोन बेडरूमची सदनिका. फायबर हॉलच्या खिडकीतून आत आलंय, राउटर टीव्हीच्या डोक्यावर. आतली खोली आणि राउटर यांच्यामध्ये दोन भिंती, बाथरूमच्या टाइल्स आणि एक लोखंडी कपाट. तिथवर पोचेपर्यंत वायफायला धाप लागते. म्हणून घरात पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी आली. एक राउटरजवळच्या प्लगमध्ये, दुसरा आतल्या खोलीत. मधे नवी तार नाही. पंखा आणि ट्यूबलाइटला वीज देणारी जी तार भिंतीत आहे, तिच्यावरूनच इंटरनेट जातं.

(दृश्य : स्विचबोर्ड उघडलेला. लाल, काळी, हिरवी वायर.)

युक्ती म्हणून ही फार देखणी आहे. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. अडॅप्टर त्याच तारेवर साधारण 2 ते 30 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 20 लाख ते 3 कोटी हेलकाव्यांच्या, बारीक लहरी सोडतो. नव्या पिढीतले अडॅप्टर 86 मेगाहर्ट्झपर्यंत जातात. समोरचा अडॅप्टर 50 हर्ट्झचा संथ हेलकावा अडवतो आणि फक्त या बारीक लहरी उचलतो. माहिती शेकडो अरुंद पट्ट्यांत वाटलेली असते. ज्या पट्टीत गोंगाट जास्त, तिच्यावर ओझं कमी. फारच गोंगाट असेल, तर ती पट्टी मोकळी सोडून द्यायची.

वीजवाल्यांना ही कल्पना फार जुनी आहे. मोठ्या उपकेंद्राजवळून जाताना उच्चदाबाच्या तारेला लावलेली पिंपाएवढी गुंडाळी पाहिली असेल. तो वेव्ह ट्रॅप. त्या तारेवरून उपकेंद्रं एकमेकांशी बोलतात. तो संदेश यंत्रसामग्रीत वाहून जाऊ नये, संदेशयंत्राकडे वळावा, यासाठी तो तिथे असतो. घरगुती रूप खूप नंतर आलं. अशा घरगुती अडॅप्टरांसाठीच्या होमप्लग या मानकाची पहिली आवृत्ती 2001 सालची, वेग 14 एमबीपीएस (सेकंदाला 14 मेगाबिट). 2005 मध्ये 200 एमबीपीएसचं मानक आलं.

(दृश्य : अडॅप्टरचा खोका, त्यावरचा मोठा आकडा.)

आता खोक्यावर 600, 1000, 2000 असे आकडे असतात. हा तारेवरचा कच्चा वेग. त्यातला बराच भाग चुका सुधारण्यात, पत्ते लिहिण्यात आणि आपली पाळी येण्याची वाट बघण्यात खर्च होतो. पाळी, कारण तार एकच आणि एका वेळी एकानंच बोलायचं. घरात तीन अडॅप्टर लावले, तर तिघांत तीच वाटणी. आणि 600 लिहिलेल्या कित्येक अडॅप्टरचं केबल लावायचं पोर्ट फक्त 100 एमबीपीएसचं असतं! म्हणजे धरण कितीही भरलेलं असो, नळ अर्ध्या इंचाचा. खरेदीच्या वेळी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी.

पण मिक्सरचं काय?

मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे दोन तुकडे फिरत्या तांब्यावर घासत असतात. त्या घासण्यातून ठिणग्या उडतात, आणि प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओ लहरींचा एक छोटा स्फोट, नेमका अडॅप्टरच्याच पट्ट्यांत. मिक्सर लावला की जुन्या रेडिओवर खरखर यायची, तीच ही खरखर. मोबाइलचे स्वस्त चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या आतली सर्किटंही थोडाफार गोंगाट करतात, फक्त गाजावाजा न करता.

भिंतीतली तार सरळही जात नाही. प्रत्येक बोर्डाकडे तिला फाटा फुटतो, आणि रिकाम्या प्लगपर्यंत गेलेल्या फाट्याच्या टोकाला आपटून लहर उलटी फिरते. मग मूळ लहर आणि तिचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. ब्रिटनमध्ये बऱ्याच घरांत एका मजल्याचे सगळे प्लग एकाच गोल फेऱ्यावर असतात. आपल्याकडे डीबीतून, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीतून, खोलीखोलीची लाइन वेगळी निघते, त्यामुळे हॉलमधून आतल्या खोलीत जाणारी लहर आधी डीबीपर्यंत मागे जाते, दोन एमसीबी (त्या पेटीतले आपोआप पडणारे स्विच) ओलांडते आणि मग दुसऱ्या वाटेनं आत शिरते. बंगल्यात तीन फेज असतील आणि दोन खोल्या वेगळ्या फेजवर असतील, तर जोडणी लागेल की नाही हे नशिबावर. इन्व्हर्टर हा आपल्याकडचा खास पाहुणा. एक अडॅप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर आणि दुसरा साध्या लाइनवर असला, तर मध्ये ते यंत्र आडवं येतं. वीज गेली की दुसरा अडॅप्टर तर मुकाच.

एक चूक मात्र बऱ्याच घरांत सापडते. अडॅप्टर स्पाइक गार्डच्या पट्टीत लावलेला असतो. स्पाइक गार्डचं काम विजेचे झटके अडवणं, पण त्यात या बारीक लहरीही अनेकदा गाळल्या जातात. अडॅप्टर थेट भिंतीतल्या प्लगमध्येच हवा.

(दृश्य : निळ्या केबलचं वेटोळं. कवच सोललेलं, आत चार जोड्या.)

दुसरा पर्याय म्हणजे राउटरपासून खोलीपर्यंत वेगळी नेटवर्क केबल. तिच्या आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. या पिळाला इतिहास आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं पीळ दिलेल्या जोडीचं पेटंट 1881 मध्ये घेतलं. शेजारच्या तारांतला गोंगाट टेलिफोनमध्ये शिरत होता. दोन तारा एकमेकींभोवती गुंडाळल्या की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, आणि पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक घेतला की तो आपोआप वजा होतो. भिंतीतल्या फेज आणि न्यूट्रलला असा पीळ नसतो. त्या नळीत जागा मिळेल तशा पडलेल्या असतात. साधी कॅट 5ई केबल (कॅट म्हणजे केबलची प्रत) 100 मीटरपर्यंत 1000 एमबीपीएस नेते. दोन्ही टोकं एकाच वेळी बोलू शकतात.

बाजारात एक फसवणूक चालते. कॅट 6 म्हणून विकलेल्या स्वस्त केबलमध्ये कधी कधी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघतं. तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली, तर ते वेटोळं दुकानदाराला परत.

(दृश्य : भिंतीवरचा जुना टेलिफोन पॉइंट, रंगाखाली बुजलेला.)

केबल टाकायची म्हटलं की घरात पहिला प्रश्न : भिंतीला झिरी मारणार का? आत्ताच रंग दिलाय! आणि वायरमनला पहिला मोह होतो, विजेच्या नळीतूनच केबल ओढून घ्यायचा. हे कधीच करू द्यायचं नाही. 230 व्होल्टच्या तारेचं कवच एका जागी झिजलं, तर ती वीज लॅपटॉपपर्यंत येऊ शकते.

पण 2000 सालाच्या आगेमागे बांधलेल्या या इमारतीत आणखी एक नळी आहे. हॉलमधून बेडरूमकडे जाणारी, टेलिफोनची. लँडलाइन केव्हाच बंद झाली, पॉइंटवर दोनदा रंग चढला, नळी मात्र रिकामटेकडी पडून आहे. आत टेलिफोनची जुनी बारीक तार अजून आहे आणि तीच ओढायची दोरी. तिच्या टोकाला नवी केबल चिकटपट्टीनं निमुळती बांधायची, वर टाल्कम पावडर चोळायची. एकानं इकडून ढकलायचं, दुसऱ्यानं तिकडून ओढायचं. कनेक्टर नंतर लावायचा, आधी लावला तर नळीत शिरणारच नाही.

दर वेळी जमतंच असं नाही. नळीचा बेंड काटकोनात असेल किंवा आत सिमेंट गेलं असेल, तर तार तुटते आणि दोरीही गेली. भाड्याच्या घरात घरमालक बोर्डाला हातच लावू देत नाही. तिथे अडॅप्टरची जोडी खरंच उपयोगी पडते. मेल आणि साध्या कॉलपुरतं ती निभावून नेते. कोकणातल्या जांभ्याच्या घराची गोष्ट वेगळी. त्या जाड भिंती वायफायला फारशा दाद देत नाहीत, पण वर वासे आहेत. वाशांवरून केबल न्या, भिंत फोडायचा प्रश्नच नाही. फक्त उंदरांचा बंदोबस्त करा. आणि घरापासून पडवीबाहेरच्या खोलीपर्यंत उघड्यावरून न्यायची असेल, तर तांब्याची केबल नको, फायबर टाका. पावसाच्या तोंडावर विजा होतात.

(दृश्य : आतली खोली. वायरमन जमिनीवर बसलेला, हातात कनेक्टर दाबायची पक्कड.)

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठ तारा ओळीत लावून कनेक्टर दाबला जातो. टेस्टरवर दिवे एकामागून एक लागतात. एक, दोन, तीन... सातवा लागत नाही.

इंटरनेट तरीही चालतं, आणि इथेच बरेच जण फसतात. 100 एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, 1000 ला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार हुकली की जोडणी मुकाट्यानं 100 वर उतरते आणि वर्षभर कुणाला कळत नाही.

वायरमन कनेक्टर कापून टाकतो आणि नवा लावतो. या वेळी आठही दिवे.

स्वयंपाकघरात मिक्सर सुरू होतो. लॅपटॉपवरचा माणूस बोलतोच आहे. आता त्याचं ऐकायला मिक्सर थांबायची वाट बघावी लागते.