सातबारी

[रामबाग, इंदूर. सकाळ. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं.]

निवडणुकीची आचारसंहिता लागली की इंदुरातल्या परवानाधारकांना हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. कुणी बारा बोअरची दुनळी आणतं, कुणी कानपूरचं पॉइंट थ्री टू. हवालदार नंबर ताडून बघतो, पावती फाडतो, पुढचा. रामबागेतल्या या काकांची पाळी आली की मात्र रांग जरा रेंगाळते. त्यांच्या कापडी पिशवीतून निघतं निकेल उडालेलं, तळहाताएवढं रिव्हॉल्व्हर. मागून कुणीतरी विचारतंच, "भिया, ये चलती भी है क्या?"

चालतं. अधूनमधून एखाद्या रविवारी, रेंजवर.

[जवळून: नळी, चक्र, मूठ.]

नळीवरची अक्षरं झिजली आहेत, पण लागतात. हॅरिंग्टन अँड रिचर्डसन, वूस्टर, मॅसॅच्युसेट्स. बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, पॉइंट टू टू इंच. मूठ काळ्या कडक रबराची, आणि तीही इतकी आखूड की करंगळी हवेतच राहते. काकांच्या आजोबांनी होळकर सरकारच्या नोकरीत असताना कुणा साहेबाकडून घेतलं, असं घरात सांगतात. तसा कागद नाही. कागद सापडतात ते पुढच्या पिढीच्या परवान्यापासून.

हे उघडायची तऱ्हा बघण्यासारखी आहे. सिनेमात मनगटाला झटका दिला की चक्र बाहेर येतं, तसलं इथे काही नाही. काका नळीखालची एक सळई ओढून काढतात. चक्र सुटून डाव्या तळव्यावर येतं. त्याला सात भोकं. बार उडवून झाले की हीच सळई एकेका भोकात घालायची आणि रिकामी पुंगळी मागे ढकलून काढायची. एकेक करत, सात वेळा. घाई असलेल्या माणसाने या वाटेला जाऊच नये.

आता काडतूस. काकांनी एक उताणं धरलं आहे. बुडाशी बघा, मधोमध टिकली नाही. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मध्यभागी कॅप असते आणि टोचा तिच्यावर बसतो. इथे बूड सपाट, आणि भोवती एक बारीक कड बाहेर आलेली. ही कड आतून पोकळ असते. कारखान्यात ओला स्फोटक मसाला पुंगळीच्या तळाशी टाकतात आणि पुंगळी गरगर फिरवतात. मसाला कडेच्या पोकळीत सरकून बसतो. घोड्याचा टोचा कडेवर आपटला की कड चेपते, मसाला पेटतो. रिमफायर म्हणजे एवढंच.

आणि या कडेतच त्याची मर्यादाही आली. टोच्याने चेपायची म्हणजे कड पातळ हवी. कड पातळ म्हणजे पुंगळी जास्त दाब सोसणार नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात स्पेन्सर आणि हेन्री रायफलींसाठी मोठी रिमफायर काडतुसं निघाली होती, ती दारू वाढत गेली तशी मागे पडली. टिकलं ते सगळ्यात बारकं. कमजोर राहिलं म्हणून टिकलं, असं म्हणायला हरकत नाही. या पुंगळ्या पुन्हा भरताही येत नाहीत. एकदा चेपली की भंगार.

[जुन्या पॅरिसची चित्रं. मग अमेरिकेतल्या कारखान्यांची.]

या काडतुसाचा जन्म तर दिवाणखान्यातला. १८४५ च्या सुमारास पॅरिसमध्ये लुई-निकोला फ्लोबेर यांनी टोपीच्या, म्हणजे स्फोटक मसाला भरलेल्या इवल्या धातूच्या वाटीच्या, तोंडावर एक बारीक गोळी बसवली. आत दारू नाहीच, टोपीतल्या मसाल्याच्या जोरावर गोळी जायची. जेवणं झाली की पाहुणेमंडळी घरातच नेम धरत बसत. म्हणजे हा प्रकार पहिल्यापासून करमणुकीचाच.

मग १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं, मॉडेल वन. त्याच्या काडतुसाला आज पॉइंट टू टू शॉर्ट म्हणतात. २९ ग्रेनची गोळी, म्हणजे दोन ग्रॅमसुद्धा नाही, आणि तिच्यामागे ४ ग्रेन काळी दारू. नळी वर उचलायची, चक्र काढायचं, सात काडतुसं भरायची, पुन्हा बसवायचं. इतर बहुतेक रिव्हॉल्व्हरांत तेव्हा दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी भरावी लागे. पावसात तर विचारूच नका. त्यामुळे यादवी युद्धात सैनिकांनी हे चिमुकलं हत्यार पदरचे पैसे मोडून खिशात ठेवलं.

पण मागून काडतूस भरता यावं म्हणून आरपार भोक पाडलेल्या चक्राचं पेटंट होतं रोलिन व्हाइट नावाच्या माणसाचं, १८५५ चं. कंपनीने त्याच्याशी करार केला, दर रिव्हॉल्व्हरमागे पंचवीस सेंट. आणि एक कलम घातलं: कुणी नक्कल केली तर कोर्टात लढायचं व्हाइटने, स्वतःच्या खर्चाने. नकला झाल्याच. व्हाइट खटले जिंकत गेला आणि वकिलांची बिलं भरत गेला. १८६९ साली पेटंटची मुदत संपली. ती वाढवून मागण्याची त्याला संधी मिळावी म्हणून अमेरिकी काँग्रेसने विधेयक मंजूर केलं, तर जानेवारी १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी ते परत पाठवलं. युद्धाच्या वेळी या पेटंटने सरकारचीच अडचण केली होती, असं लष्कराच्या शस्त्रखात्याचं म्हणणं होतं. आणि ग्रँट हे त्याच युद्धातले सेनापती. व्हाइटने कुणाकडे दाद मागितली बघा!

पेटंट संपलं आणि बांध फुटला. हॉप्किन्स अँड ॲलन, फोरहँड अँड वॉड्सवर्थ, आयव्हर जॉन्सन, हॅरिंग्टन अँड रिचर्डसन... जो तो बारकी, स्वस्त रिव्हॉल्व्हरं काढू लागला. नावं ठेवायची हौस अशी की एकाचं नाव 'ट्रॅम्प्स टेरर', म्हणजे भटक्यांचा कर्दनकाळ. फ्रान्समध्ये तर सायकलस्वारांसाठी 'व्हेलो-डॉग' नावाचं रिव्हॉल्व्हर निघालं, मागे लागणाऱ्या कुत्र्यांना घाबरवायला. रात्री राजवाड्याहून दुचाकीने घरी येणाऱ्या इंदूरकराला हे वाचून काय वाटेल ते सांगायला नको.

त्याच १८६९ साली पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. योगायोगच.

[महूकडे जाणारा रस्ता.]

काडतूस पुढे लांबत गेलं. १८८७ मध्ये लाँग रायफल आलं, ४० ग्रेनच्या गोळीचं, आणि आज जगभर नेमबाजीत तेच चालतं. इथून तासाभरावर महू आहे. तिथल्या आर्मी मार्क्समनशिप युनिटचे विजय कुमार यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवलं, ते पॉइंट टू टू वरच. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं २०२४ च्या पॅरिसमधलं कांस्यही याच काडतुसाचं.

हे ऐकून काका हात हलवतात. "त्या पिस्तुलांची आणि ह्याची बरोबरी नको हो. ती नेमासाठी केलेली. हे खिशासाठी केलेलं."

[काका भिंगातून चक्र बघतात.]

मात्र जुनं हत्यार हातात आलं आणि बार काढला, असं चालत नाही. ज्या शहरावर होळकरांचं राज्य होतं तिथे हे वेगळं सांगायला नको. यशवंतराव होळकरांचा एक डोळा गेला तो शत्रूच्या हातून नाही, बंदूक फुटून.

काळ्या दारूच्या काळातलं रिव्हॉल्व्हर असेल, तर आजचं धूरविरहित दारूचं काडतूस त्यात घालायचंच नाही. मॉडेल वन असलं तर कपाटात शोभतं, तिथेच ठेवावं. अमेरिकेतले हौशी लोक त्यासाठी काळ्या दारूची काडतुसं मुद्दाम जमवतात. काकांचं त्यानंतरचं आहे. परवानाधारक कारागिराने ते उघडून बघितलं, चाप दाबून धरल्यावर चक्र किती हलतं ते तपासलं, प्रत्येक भोक नळीच्या समोर नीट येतं का ते पाहिलं. जरा तिरकं आलं तर गोळीचं शिसं कापलं जातं आणि बाजूला उडतं. म्हणून बार काढताना शेजारी कुणी उभं राहायचं नाही. तीव्र वेगाची काडतुसं १९३० च्या सुमारास आली, हे रिव्हॉल्व्हर त्याआधीचं. त्यामुळे काका मंद वेगाचीच वापरतात.

भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसते. भोकांच्या कडांवर बारीक खाचा. कुणीतरी कधीकाळी रिकाम्याच चक्रावर खटाखट चाप ओढत बसलं असणार. काडतूस नसलं की टोचा थेट भोकाच्या कडेवर आदळतो आणि लोखंडाला वण पडतो. मग नवं काडतूस नीट बसत नाही. सराव करायचा तर चक्रात रिकाम्या पुंगळ्या ठेवून करावा.

[परवान्याचं पुस्तक. खंडेनवमीची पूजा, जुने फोटो.]

आपल्याकडे अशी मालकी म्हणजे अर्धी लोखंडाची, अर्धी कागदाची. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि परवान्याचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. पॉइंट टू टू प्रतिबंधित बोअरमध्ये येत नाही, ते एक बरं. काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं. अमेरिकेतला माणूस पाचशेचा डबा आणतो आणि दुपारी संपवतो. काका बार मोजून काढतात.

सत्तरी गाठली, किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, की हयातीतच वारसाच्या नावे करता येतं. काकांनी मुलीचं नाव दिलंय. ती कॉलेजात एअर पिस्तूल चालवायची. परवान्यावर कारण लिहिलं आहे 'आत्मरक्षा', त्यावर बापलेकीचा वाद ठरलेला.

"बाबा, हे भरेपर्यंत चोर पोहे खाऊन जाईल."

"जाऊ दे ना. शेव संपवली नाही म्हणजे झालं."

खंडेनवमीला ते देवापुढे असतं, कोयता आणि विळीच्या शेजारी, झेंडूचं एक फूल वाहिलेलं. पूजेच्या आधी काका तेलाचा हात फिरवतात आणि पूजा झाली की लगेच पुसतात. फुलाच्या ओलाव्याने गंज धरतो म्हणे.

[रेंज. रविवार. दहा मीटरवर लोखंडी चकत्या.]

नळी जेमतेम दोन इंच. माशी म्हणजे नळीच्या टोकाला अर्ध्या चंद्राएवढा पत्रा, आणि मागे एक चीर. चाप जड. तो ओढता ओढता घोडा मागे जातो, चक्र फिरतं आणि त्या सगळ्यात नेम हलतो. हात घट्ट आवळला तर आणखी हलतो. एअर पिस्तूल शिकलेल्या मुलीला पहिल्यांदा हे जमेना, कारण तिच्या पिस्तुलाचा चाप बोट लागताच सुटायचा. आता ती चाप एका लयीत ओढते, मध्ये थांबत नाही.

आवाज टिकल्यांच्या पिस्तुलापेक्षा थोडा मोठा. तरी कानांवर मफ आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. धक्का नसल्यातच जमा. म्हणून डोळे मिटत नाहीत, मनगट धास्तावत नाही, आणि चुकलं तर का चुकलं ते कळतं.

चौथा बार वाजत नाही. नुसती टिच. दोघंही जागचे हलत नाहीत, नळी लक्ष्याकडेच. अर्धा मिनिट थांबायचं, मसाला उशिराने पेटू शकतो. मग सळई काढून ते काडतूस बघायचं. कडेवर टोच्याची खूण स्पष्ट आहे, म्हणजे त्या जागी मसाला पोहोचला नसावा. मुलगी काडतूस थोडं फिरवून पुन्हा बसवते, आता दुसऱ्या बाजूला टोचा बसेल. वाजतं. चकती डुलते.

सात संपतात. सळई बाहेर, चक्र तळव्यावर, पुंगळ्या एकेक करून डब्यात.

"सातात पाच," काका म्हणतात.

"चार. शेवटची घासून गेली."

"घासली म्हणजे लागली."

"बाबा, चकती हलली का? नाही ना? मग चार." ती चकत्यांना पुन्हा रंग मारायला निघते आणि काका मागून ओरडतात, "उजवीकडचीला नीट मार, तिच्यावरच दिसेल कोण खरं ते!"