एकच बार : कोलोरॅडोतील एल्क आणि ठासणीची बंदूक

सप्टेंबरच्या मध्यावर कोलोरॅडोतील रॉकी पर्वताच्या उतारांवर ॲस्पेनची पाने पिवळी पडू लागतात आणि एल्क नरांचा माज ऐन भरात येतो. याच सुमारास ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांसाठी हे राज्य नऊ दिवसांचा स्वतंत्र हंगाम ठेवते आणि त्याचे परवाने सोडतीने देते. एल्क हा सांबराच्या कुळातला, पण त्याहून थोराड प्राणी असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन तीनशे किलोंच्या घरात जाते. त्याला पाडण्यासाठी शिकाऱ्याच्या हाती एकच बार असतो, कारण दुसरा भरून होईपर्यंत कळप समोरची धार ओलांडून गेलेला असतो.

कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आजही काही घरांत ठासणीची बंदूक आढळते. तिचे आणि या बंदुकीचे तत्त्व एकच आहे : आधी दारू, मग गोळी, दोन्ही नळीच्या तोंडातून आणि गजाने ठासून. कोकणातील नळी बहुधा आतून गुळगुळीत असते, तर येथील नळीला आटे असतात आणि त्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न जवळजवळ संपला. कोलोरॅडोत मात्र ती वन्यजीव व्यवस्थापनाचा रीतसर भाग मानली जाते आणि म्हणूनच तिचे नियम बारकाईने लिहिलेले आहेत.

गोळीची निवड या नियमांपासूनच सुरू होते. एल्कसाठी नळीचा व्यास किमान अर्धा इंच, म्हणजे पन्नास कॅलिबर, असावा लागतो. प्लॅस्टिकच्या वेष्टनातून लहान व्यासाची गोळी डागण्यास या हंगामात मनाई आहे, दारूच्या तयार वड्या चालत नाहीत, दुर्बीण लावता येत नाही आणि धूरविरहित दारू तर पूर्णपणे वर्ज्य आहे. गोळीची लांबीही तिच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक असू शकत नाही. या अटींचा एकत्रित परिणाम असा, की शिकाऱ्यापुढे मुख्यतः दोनच पर्याय उरतात : तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोल गोळी, किंवा शिशाचीच लांबट, शंकूच्या आकाराची जड गोळी.

पन्नास कॅलिबरच्या नळीत जाणारी गोल गोळी सुमारे 177 ग्रेनची असते. सात हजार ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे हे वजन साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरते. बार होताच ही गोळी जोरात सुटते, पण गोल आकारामुळे हवा तिला लगेच रोखते आणि शंभर यार्डांवर पोहोचेपर्यंत तिचा वेग चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेला असतो. हरणासाठी एवढे पुरते. एल्कच्या बाबतीत खांद्याचे पाते, बरगडी आणि दोन्ही फुफ्फुसे भेदून गोळी पलीकडे निघावी अशी अपेक्षा असते, कारण दोन्ही बाजूंनी रक्त पडले तरच दाट जंगलात माग काढता येतो. म्हणून गोल गोळीच वापरायची असेल, तर जाणकार मोठ्या व्यासाची नळी निवडतात. चोपन्न कॅलिबरची गोल गोळी सव्वादोनशे ग्रेनच्या आसपास जाते. सेंट लुईसच्या हॉकेन बंधूंनी एकोणिसाव्या शतकात डोंगरांत फिरून सापळे लावणाऱ्या शिकाऱ्यांसाठी ज्या बंदुका घडवल्या, त्यांचा व्यासही साधारण पन्नास ते चोपन्नच्या दरम्यान असे.

लांबट गोळी साडेतीनशे ते चारशे ग्रेनची असते. ती सावकाश सुटते, पण आपला वेग राखून ठेवते आणि खोल शिरते. मात्र तिला नळीही तशीच लागते. गोल गोळीसाठी बनवलेल्या नळीत आट्यांचा एक पूर्ण वेढा साठ-सहासष्ट इंचांत पडतो. लांबट गोळी स्थिर राहण्यासाठी तोच वेढा अठ्ठावीस-तीस इंचांत पडावा लागतो. बंदूक विकत घेताना हा आकडा विचारला नाही, तर पुढे कितीही दारू बदलली तरी नेम जमत नाही.

दारूचा विचार त्यानंतर येतो, आणि नेमका तोच अनेकजण आधी करतात. दारूचे माप म्हणजे एक पितळी नळी. काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण, तोलून नव्हे तर अशा मापाने भरली जाते. पायरोडेक्ससारखा पर्यायही त्याच मापाने भरतात, जरी तो वजनाला बराच हलका असतो. ट्रिपल सेव्हन ही दुसरी पर्यायी दारू मात्र अधिक जोमदार असल्याने तिचे माप सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी ठेवावे, असे तिचे उत्पादकच सांगतात. जड लांबट गोळीमागे साधारणपणे ऐंशी ते शंभर ग्रेन दारू वापरली जाते, आणि वरची मर्यादा त्या बंदुकीच्या माहितीपुस्तिकेत असते. ती ओलांडायची नसते.

योग्य माप चांदमारीवरच ठरते. सत्तर ग्रेनपासून सुरुवात करून दर वेळी पाच-दहा ग्रेन वाढवायचे, प्रत्येक मापाचे तीन-तीन बार काढायचे आणि प्रत्येक बारानंतर नळीतून ओली चिंधी फिरवायची, कारण साचलेली काजळी पुढच्या गोळीचा नेम बिघडवते. ज्या मापावर तीन भोके सर्वांत जवळ पडतात, तेच त्या बंदुकीचे माप. ते बहुधा कमाल मर्यादेच्या अलीकडेच सापडते. नव्वद ग्रेनऐवजी एकशे दहा ग्रेन भरले, तर दीडशे यार्डांवर गोळीचे खाली येणे जेमतेम इंच-दीड इंचाने कमी होते आणि खांद्याला बसणारा धक्का मात्र बराच वाढतो. हा सौदा तोट्याचा आहे.

शंभर यार्डांवर नेम बांधलेली जड गोळी दीडशे यार्डांवर पाऊण फूट खाली उतरते, म्हणजे फुफ्फुसांच्या मध्यावर धरलेला नेम छातीच्या खालच्या कडेवर जातो. दुर्बीण नाही आणि संध्याकाळच्या उजेडात नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशीच एल्कचा निम्मा खांदा झाकते. त्यामुळे बहुतेक अनुभवी शिकारी शंभर यार्डांची मर्यादा स्वतःवर घालून घेतात आणि उरलेले अंतर माजावर आलेल्या नराला साद घालून कमी करतात.

चढणीवर चालताना एक धोका सतत राहतो. नळी खाली झुकली की सैल बसलेली लांबट गोळी पुढे सरकते, दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहते आणि तशा अवस्थेत बार काढल्यास नळी फुगते किंवा फुटते. यासाठी गजावर आधीच खूण केलेली असते. गोळी पुरती बसली असेल तर खूण नळीच्या तोंडाशी येते. ही तपासणी दिवसातून अनेकदा, दारू पेटवणारी टोपी बंदुकीवरून काढून ठेवून आणि नळी अंगापासून दूर धरून करावी लागते. दुपारच्या सरींसाठी नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावतात. बार झालेली बंदूक त्याच रात्री गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावून ठेवतात, कारण काळ्या दारूची काजळी हवेतील ओल शोषून घेते आणि लवकरच आट्यांवर गंज चढवते.