काय खाल्लंस, हे नंतर विचारा

(ठाण्यात पाऊचच्या रुग्णांसमोर आणि त्यांच्या घरच्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. नौपाड्यातून, घोडबंदरवरून, काही जण तर नेरूळहून आलात. संडासला पटकन उठता यावं म्हणून दाराजवळच्या कडेच्या खुर्च्या आधी भरल्या, तेव्हाच कळलं की सगळी आपलीच माणसं आहेत.

मी डॉक्टर नाही, तुमच्यासारखाच पाऊचवाला. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण येण्याच्या आजारामुळे, मोठं आतडं काढलं, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची घडी घालून पिशवी, म्हणजे पाऊच, शिवली आणि ती खाली गुदद्वाराशी जोडली. लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स या सर्जननी १९७८ साली ही शस्त्रक्रिया मांडली; जपानच्या उत्सुनोमियांनी पुढे तिला जे अक्षराचा आकार दिला. इतिहास एवढा पुरे. आज बोलायचंय ते आतडं पुन्हा पुन्हा अडकतं त्याबद्दल.

पोटात कळ आली की घरात पहिला प्रश्न येतो, "काय खाल्लंस?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, पण ज्याला विचारलं तो आरोपी होऊन बसतो. पुढच्या वेळी तो कळ लपवतो आणि नेमका तिथे वेळ जातो. पोट एकदा उघडलं की बरं होताना आतडी एकमेकांना, पोटाच्या भिंतीला चिकटतात. डॉक्टर त्याला अ‍ॅडहेजन्स म्हणतात. आपल्यातल्या बहुतेकांचं ऑपरेशन दोन-तीन टप्प्यांत झालेलं. चिकटलेल्या जागी आतडं वाकतं, पिळतं, कधी आपोआप सुटतंही. काहींचं जुन्या स्टोमाच्या, म्हणजे संडाससाठी पोटावर काढलेल्या तात्पुरत्या तोंडाच्या, जागी अरुंद झालेलं असतं, काहींचा पाऊचचा खालचा जोड आवळतो. हा जोड सर्जनला बोटाने तपासूनही कळतो आणि बऱ्याचदा पोट न उघडता रुंद करता येतो. म्हणून वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टरांना "अडकतंय कुठे?" हे विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

खाण्याचा वाटा नाही असं नाही. अरुंद जागेतून मऊ भात निघून जातो, मक्याच्या दाण्याचं साल नाही जात. ओलं खोबरं, मशरूम, संत्र्याचे पापुद्रे, शेवग्याचा चोथा, सुका मेवा, ही सगळी त्यातलीच. आणि ऋषिपंचमीची भाजी! कणसं, माठाचे देठ, अळूचे देठ, वर खोबरं; आपल्याला चालत नाही ते सगळं एका पातेल्यात. मी त्यातला भोपळा आणि सुरण निवडून घेतो, सोबत रस. पण भीतीपोटी वर्षभर वरण-भातावर राहणारीही माणसं मी पाहिलीत. वजन उतरतं, चिकटलेलं मात्र तसंच राहतं. ज्यांच्या दाढा नाहीत किंवा कवळी हलते, त्यांनी आधी दातांच्या डॉक्टरकडे जावं. चावण्याइतका उपयोगाचा दुसरा उपाय मला माहीत नाही.

आता घर कधी सोडायचं ते. हे बऱ्या दिवशी, सर्जनला विचारून ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा, कारण कळ चालू असताना आपण फक्त "अजून अर्धा तास बघू" एवढंच म्हणतो. कळ सौम्य आहे, उलटी नाही, वारा सरतोय, अशा वेळी घट्ट खाणं बंद करून पातळ पदार्थांवर थांबायला बरेच सर्जन सांगतात. उलट्या सुरू झाल्या, पोट टणक झालं किंवा वारा पूर्ण बंद झाला तर थांबायचं नाही. येऊन-जाऊन असणारी कळ सलग दुखू लागली, ताप आला, छाती धडधडू लागली, तर आतड्याचा रक्तपुरवठा अडकलेला असू शकतो. मग एक तासही महागात पडतो. आणि घोडबंदर रोडचं तुम्हाला मी काय सांगू! संध्याकाळच्या गर्दीआधी निघा. जुलाबाचं औषध, एरंडेल अजिबात नाही. रोजचं इसबगोल आणि जुलाब थांबवायची गोळीही त्या दिवशी बंद.

कॅज्युअल्टीत एक घोटाळा नेहमी होतो. अर्धवट अडकलेलं असताना पाण्यासारखी संडास होत राहते. एका रुग्णालयात माझ्या केसपेपरवर सरळ "गॅस्ट्रो" लिहिलं होतं. संडास होतेय म्हणजे अडथळा नाही, असं तिथल्या तरुण डॉक्टरांना वाटलं. तेव्हापासून पाकिटात कार्ड आहे: मोठं आतडं काढलेलं आहे, जे-पाऊच आहे, अडथळ्याची शक्यता तपासा, सर्जनचा नंबर. सोबत जुन्या सीटी स्कॅनचा रिपोर्ट.

पुढे सलाईन लागतं, तोंडाने काही नाही, आणि रायल्स ट्यूब. तिची सगळ्यांना धास्ती. नळी नाकातून घशाशी येते तेव्हा ओकारी येते. हनुवटी छातीकडे टेकवायची आणि सिस्टर सांगतील तसं गिळत राहायचं. जरा वेळाने नळीच्या बाहेरच्या पिशवीत हिरवट पाणी उतरू लागतं आणि पोटाचा ताण सैल होतो. चिकटण्यामुळे आलेले अडथळे बहुतेक वेळा असेच, चिरफाड न करता सुटतात. सर्जन थांबतात ते टाळाटाळ म्हणून नव्हे. पोट पुन्हा उघडलं की नवं चिकटणं आलंच. रक्तपुरवठ्याची शंका आली की मात्र तेही थांबत नाहीत.

सुटल्यावर घरी आलात की नुसतं पाणी ढोसू नका. पाणी आणि मीठ शोषायला मोठं आतडं नाही, त्यामुळे ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात विरघळवून घोट घोट घ्या. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

मघाशी एका ताईंनी विचारलं, यांना गणपतीला कोकणात न्यायचं का? जरूर न्या. फक्त सीटी स्कॅन आणि सर्जन दोन्ही असलेलं जवळचं रुग्णालय कुठे आहे, हे इथून निघण्यापूर्वी फोन करून विचारून ठेवा. आणि उकडीच्या मोदकाची पारी खाऊ द्या, आतलं सारण तुम्ही खा.