उंची, वर्ण, शिक्षण

(दृश्य : टेबलावर एक छापील कागद. रकान्यांवरून सरकणारं बोट.)

उंची. वर्ण. डोळ्यांचा रंग. रक्तगट. शिक्षण.

हा कागद मराठी घरांना ओळखीचा वाटेल. लग्न ठरवताना याच रकान्यांवरून आपली बोटं फिरलेली असतात. पण इथे नाव नाही, गाव नाही. हा स्त्रीबीज देणाऱ्या बाईचा कागद आहे. दवाखान्यात तिला सगळे 'डोनर' म्हणतात.

हा कागद हातात येतो तोवर समोरच्या जोडप्याची बहुधा काही वर्षं उपचारांत गेलेली असतात. कुणाची पाळी अकालीच गेलेली, कुणाचे बीजकोश कॅन्सरच्या औषधांनी निकामी झालेले, कुणी चाळिशी ओलांडलेली. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख बीजं असतात. वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात आणि साठा घटतच जातो. गर्भाशय इतक्या लवकर थकत नाही. बीज दुसरीचं असलं तरी आपल्या पोटात मूल वाढू शकतं, ते यामुळेच.

मुंबईत हे नवं नाही. केईएममध्ये १९८६ साली टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घालणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्याच हातून २४ जानेवारी १९९१ रोजी दान केलेल्या बीजापासून बाळ जन्मलं.

(दृश्य : दवाखान्यातली प्रतीक्षेची खोली. रिकाम्या खुर्च्या.)

मग प्रश्न सुरू होतात. गोरी आहे ना? शिकलेली आहे ना? काही जण आवाज खाली आणून विचारतात, आपल्यातलीच मिळेल का?

बीजाला जात नसते, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा! आणि गोरेपणाचं म्हणाल, तर सख्ख्या भावंडांतही एक सावळं निघतं, एक उजळ. मुलगा की मुलगी, हे तर निवडताच येत नाही. तो कायद्यानं गुन्हा आहे.

विचारायचं ते वेगळंच असतं. तिचं वय किती? गर्भ नीट रुजेल की नाही, हे बरंचसं बीजाच्या वयावर ठरतं. कायद्यानं डोनर २३ ते ३५ वर्षांचीच हवी. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या झाल्यात का? थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची? आपल्याकडे ती चुकवू नये. डोनर आणि बाळाचा बाप दोघंही वाहक निघाले, तर बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

'माझ्या बहिणीचंच घ्या ना' असंही कुणी म्हणतं. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानं दवाखान्याला दात्याचं बीज नोंदणीकृत बँकेकडूनच घ्यावं लागतं. नात्यातल्या दानातून काय गुंता होतो, ते ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पाहिलं. धाकट्या बहिणीच्या बीजातून, सरोगसीनं, थोरलीला जुळ्या मुली झाल्या होत्या. पुढे नवरा मुलींना घेऊन वेगळा झाला आणि बीज देणारी बहीणही त्याच घरात राहू लागली. मुलींवर तिचाही हक्क आहे, असं त्याचं म्हणणं. न्यायालयानं ते मानलं नाही. बीज दिल्यानं आईपणाचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असं सांगून थोरलीला मुलींना भेटायची मुभा दिली.

या विषयात कुणीतरी देवकी-यशोदेचा दाखला देतंच. तो इथे बसत नाही. यशोदेनं कृष्णाला पोटात वाढवलं नव्हतं.

(दृश्य : फ्रिजमधून काढलेलं इंजेक्शन. हात दिसतात, चेहरा नाही.)

आता कागदाच्या पलीकडची बाई.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तिला पोटावर रोज इंजेक्शन घ्यावं लागतं, साधारण १० ते १२ दिवस. एरवी महिन्याला एकच बीज पिकतं आणि सोबतची वाळून जातात. इंजेक्शनांनी तीही वाढतात. म्हणूनच दान केल्यानं तिचा साठा वेळेआधी संपत नाही. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. बीजाच्या पिशव्या १८ मिलिमीटरच्या आसपास पोचल्या, की शेवटचं इंजेक्शन. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनिमार्गातून सुईनं बीजं काढतात. वीसेक मिनिटांचं काम. पण काहींचं पोट फुगतं, मळमळतं. क्वचित पोटात पाणी साठून धाप लागते आणि दाखल व्हावं लागतं. म्हणून तिचा १२ महिन्यांचा विमा काढणं मूल हवं असलेल्या जोडप्यावर बंधनकारक आहे. कागदावर वर्ण पाहणाऱ्या किती जणांनी विम्याची पावती मागितली असेल?

कायद्यानं आयुष्यात एकदाच दान, तेही जास्तीत जास्त सात बीजांचं, आणि एका बाईचं बीज एकाच जोडप्याला. सातांतली सगळीच पक्व नसतात, अशी डॉक्टरांची तक्रार आहे. ती खोटी नाही. पण २०२२ साली तामिळनाडूतल्या इरोडमध्ये काय उघडकीस आलं? १६ वर्षांच्या मुलीचं वय खोट्या आधार कार्डावर वाढवून तिची बीजं पुन्हा पुन्हा विकल्याचा आरोप. अटक झालेल्यांत तिची आईही होती. अशा बातम्यांनंतर 'एकदाच' हा शब्द मला जाचक वाटत नाही. बीजाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. तरीही इथवर येणाऱ्या बायकांना बहुतेकदा गरजच घेऊन येते, हे आपण सगळे जाणतो.

(दृश्य : दवाखान्याचं फाटक. दुपार.)

भूल उतरली, चहा-बिस्किटं झाली. ती निघते. आत प्रयोगशाळेत बीजांचा शुक्राणूंशी संयोग होईल, पाचेक दिवसांचा गर्भ दुसऱ्या एका बाईच्या गर्भाशयात ठेवला जाईल. तो रुजला का, हे हिला कुणी कळवणार नाही. ती रिक्षाला हात करते. तिची उंची पाच फूट दोन इंच. रक्तगट बी पॉझिटिव्ह.