पेटीवाल्याची साक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली मुंबईत वारले. आपल्याकडे गायिका गौहरजानची पहिली तबकडी निघाली ती १९०२ साली. म्हणजे खाँसाहेबांचं गाणं टिपून ठेवायला यंत्र होतं, कंपन्या होत्या आणि मधे चाळीसहून जास्त वर्षं होती. तरी त्यांनी आपलं गाणं तबकडीवर जाऊ दिलं नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, त्यांचंही ध्वनिमुद्रण आपल्या हाती नाही. एक जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, दुसरे बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे गुरू. महाराष्ट्राच्या गाण्यावर एवढा ठसा उमटवणाऱ्या या दोन गवयांचा आवाज आज हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ऐकलेला नसणार. तरी आपण त्यांच्या गाण्याबद्दल ठामपणे बोलतो. बुवांची फिरत अशी होती, खाँसाहेबांची तान तशी होती. हे बोलतो ते एक तर त्यांच्या शिष्यांच्या गळ्यांवरून, आणि दुसरं म्हणजे पुस्तकांवरून. आज त्या पुस्तकांबद्दल बोलायचं आहे.

मराठीत गवयांवरच्या पुस्तकांना तोटा नाही. त्यातली बरीचशी हात जोडून लिहिलेली आहेत. लहानपणी घरातून पळून जाणं, उस्तादाच्या घरी पाणी भरणं, बारा-बारा तासांचा रियाज, मग एखाद्या संस्थानातली मैफल, तिथे प्रतिस्पर्ध्याची मान खाली, महाराजांच्या हातून शालजोडी. नावं बदलायची, बाकी मजकूर तोच. अशी पानं मी भराभर उलटते. मला एकच गोष्ट बघायची असते. मैफलीत हा लेखक बसला कुठे होता?

गोविंदराव टेंबे गवयाच्या शेजारी, पेटीवर बसले होते. म्हणून त्यांचं ‘माझा संगीत व्यासंग’ हे १९३९ साली निघालेलं पुस्तक मला या सगळ्यात वरचं वाटतं. भास्करबुवांची साथ त्यांनी केली. खाँसाहेबांना त्यांनी कोल्हापुरात जवळून ऐकलं आणि पुढे त्यांचं चरित्रही लिहिलं. पेटीची साथ करणाऱ्याचं ऐकणं वेगळं असतं. समोर बसलेल्या श्रोत्याला तान आवडली की त्याने ‘वाहवा’ म्हणावं, तेवढ्यावर भागतं. साथीदाराचं तसं नाही. बुवा आता कुठल्या स्वरावर जाणार, कुठे थांबणार, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, किती मात्रा उरल्यात, हा हिशेब त्याच्या बोटांना सतत करावा लागतो. अंदाज चुकला तर पेटी गाण्याच्या पुढे तरी पळते नाही तर मागे तरी पडते, आणि चूक सगळ्या बैठकीला ऐकू जाते. असा माणूस नुसतं ‘स्वर्गीय’, ‘अलौकिक’ लिहून मोकळा होत नाही. काय घडलं ते त्याला सांगता येतं.

शिवाय टेंबे नुसते साथीदार नव्हते. १९११च्या ‘मानापमान’च्या चाली त्यांच्या. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर ते भागीदार होते. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले. बैठक, रंगभूमी आणि बोलपट अशा तिन्ही ठिकाणी वावरलेला माणूस जेव्हा गाण्याबद्दल लिहितो तेव्हा पैशाचं, प्रवासाचं, माणसांच्या हेव्यादाव्यांचंही भान त्या लिहिण्याला असतं.

जाता जाता एक सांगते. ज्या आकाशवाणीवर आज आपण पेटी रोज ऐकतो, तिनेच १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. पेटीला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, तिच्या ठरीव सुरांमुळे आपल्या श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, बिघडतात, असा तेव्हाचा आक्षेप. ती बंदी सैल व्हायला तीनेक दशकं गेली. पेटीवर आयुष्य काढलेल्या टेंब्यांचं पुस्तक त्या बंदीच्या जेमतेम वर्षभर आधी निघालं होतं.

केशवराव भोळे यांची जागा वेगळी होती. ते बैठकीत वही घेऊन बसणाऱ्यांपैकी. ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्यांनी त्या वेळच्या गवयांवर लेख लिहिले, आणि पुढे ‘आजचे प्रसिद्ध गायक’ हे पुस्तक झालं. शीर्षकातला ‘आजचे’ हा शब्द महत्त्वाचा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायला काही लागत नाही. उद्या रस्त्यात गाठ पडणार आहे अशा गवयाच्या गाण्यातलं उणं छापून आणायला छाती लागते. भोळे स्वतः ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’ अशा प्रभातच्या चित्रपटांचे संगीतकार, त्यामुळे चाल बांधणाऱ्याचा कान त्यांना होता. कलाकाराला दुखवायचं नाही ही आज आपल्याकडे रीतच झाली आहे. मैफलीच्या वृत्तान्तात ‘श्रोत्यांना मंत्रमुग्ध केले’ याच्या पुढे काही नसतं. असा वृत्तान्त वाचला की मला भोळ्यांची फार आठवण येते.

वामनराव देशपांडे पेशाने चार्टर्ड अकाउंटंट. ‘घरंदाज गायकी’ १९६१ साली आलं आणि त्यात त्यांनी घराण्यांचा चक्क ताळेबंद मांडला. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय. किराणा स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या टोकाकडे, आणि दोन्हींचा तोल सांभाळणारं जयपूर मध्यावर. वामनराव स्वतः जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले. तेव्हा तोलाचं माप जयपूरच्याच पदरात पडावं यात नवल ते काय! किराण्याच्या माणसांना हे पुस्तक खुपलं ते उगीच नाही. पण त्यांचा दुसरा विचार मला जास्त पटतो. घराणं घडतं ते त्याच्या मूळ पुरुषाच्या गळ्यातून. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज तरुणपणी आमलेट्याच्या दरबारात अति गाऊन बसला. पुढे परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. त्या नव्या, जड आवाजाला झेपेल, शोभेल अशी गायकी त्यांनी बांधली. नंतरच्या पिढ्यांनी निकोप गळ्याने तीच गायकी शिकून घेतली. एका माणसाच्या अडचणीतून अख्ख्या घराण्याचा कायदा झाला. हे एकदा ध्यानात आलं की खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची तबकडी आपण वेगळ्या कानाने ऐकतो.

शिष्याने लिहिलेल्या चरित्रात सगळ्यात दांडगं म्हणजे बाळकृष्णबुवा कपिलेश्वरींनी लिहिलेलं किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँचं चरित्र. ते १९७२ साली आलं. लेखक खाँसाहेबांच्या घरातच वाढलेला शिष्य, त्यामुळे तपशिलांचा नुसता पाऊस. १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर सिंगपेरुमाळकोइल स्टेशनात खाँसाहेबांनी देह ठेवला आणि मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांचं दफन झालं, हे आपल्याला ठाऊक असतं. त्या मरणाआधीचं सगळं जगणं इथे सापडतं. मात्र हे एका बाजूच्या माणसाचं लिहिणं आहे हे विसरून चालत नाही. खाँसाहेबांना सोडून मुलाबाळांसह वेगळ्या झालेल्या ताराबाई माने यांचं म्हणणं ताराबाईंच्या लेखणीतून कुठे आलं? गायक सुरेशबाबू आणि गायिका हिराबाई बडोदेकर यांच्या त्या आई. आपल्या संगीतचरित्रांत बायका येतात त्या बहुतेक कुणाची तरी शिष्या, कुणाची तरी पत्नी म्हणून. मैफली ज्यांच्या दिवाणखान्यात झाल्या, चिजा, म्हणजे बंदिशी, ज्यांच्या गळ्यात टिकल्या, त्यांच्या हातात लेखणी फार उशिरा आली. गोव्याच्या कलावंत घराण्यांबद्दल गोपाळकृष्ण भोबे यांनी ‘कलात्म गोमंतक’ लिहून ठेवलं म्हणून निदान नावं तरी एकत्र सापडतात.

बी. आर. देवधरांचं ‘थोर संगीतकार’ कुठूनही उघडून वाचावं. गिरगावात त्यांची संगीतशाळा होती, कुमार गंधर्व तिथेच शिकले. देवधर मास्तरांना माणसांचं विलक्षण कुतूहल. फकिरासारखे मुंबईच्या रस्त्यांवर भटकणारे सिंदेखाँ त्यांना दिसतात, आणि या मळक्या कपड्यांच्या माणसाजवळ ग्वाल्हेरच्या चिजांचं गाठोडं आहे हे मास्तर ओळखतात. रहिमतखाँची कहाणी तर अशी, की कादंबरीत घातली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. ग्वाल्हेरचे गवई हद्दूखाँ यांचा हा मुलगा विष्णुपंत छत्र्यांच्या सर्कशीबरोबर गावोगाव हिंडला. विष्णुपंत हद्दूखाँचे शिष्य, त्यामुळे गुरुपुत्राला त्यांनी सांभाळलं. घोड्यांच्या आणि वाघांच्या खेळांच्या तंबूत ग्वाल्हेरची अव्वल गायकी! रहिमतखाँच्या गाण्याचा ठसा पुढे अब्दुल करीमखाँवर उमटला.

संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंड्यांचं नाव घेतलं की लोक क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांकडे जातात. माझी विनंती, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ वाचा. हे चार भागांचं पुस्तक मुळात मराठीत आहे, १९१० ते १९३२ या काळात निघालेलं. गुरू आणि शिष्य बोलताहेत अशी त्याची बैठक. शिष्य भाबडा नाही, तो अडवतो, आधार विचारतो. भातखंडे वकील होते हे इथे लगेच कळतं. ही शिकवणी कमी आणि उलटतपासणी जास्त आहे.

क्रमिक पुस्तकातलं एखादं पान मात्र जवळून बघण्यासारखं असतं. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल स्वर. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र. खाली टिंब मंद्र सप्तकाचं, वर टिंब तारसप्तकाचं. समेला फुली, टाळीऐवजी हात मोकळा सोडतात त्या खालीला शून्य, मींडेला वर कमान. इतक्या थोड्या खुणांवर दीड हजारांहून जास्त चिजा कागदावर आल्या, आणि ज्या चिजेसाठी उस्तादाची वर्षानुवर्षं मनधरणी करावी लागे ती काही आण्यांत कुणालाही मिळू लागली. उस्ताद चिडले, ते समजण्यासारखं आहे. पण आता त्याच पानावर दरबारी रागातला गंधार शोधा. ग, खाली रेघ. बागेश्रीतला? ग, खाली रेघ. दरबारीचा तो डुलणारा, धैवतासारखाच सावकाश आंदोलन घेणारा गंधार छापलेल्या खुणेत नाही. तो गुरूकडूनच घ्यावा लागतो. भातखंड्यांनाही हे पक्कं माहीत होतं. म्हणून तर त्यांनी पुस्तकांबरोबर शिकवायच्या संस्थाही उभारल्या.

गाण्याचं निदान एवढं तरी कागदावर उतरतं. नाचाचं काय? इथे मला एका हस्तलिखिताबद्दल सांगायचं आहे, आणि हे अजूनही पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नसतं. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे, राज्यकाल १७९८ ते १८३२. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे भाऊ होते. आज भरतनाट्यमचा जो क्रम आपण रंगमंचावर बघतो त्याची घडी या भावांनी बसवली असं मानतात. त्याच दरबारात मराठीत नृत्यरचना झाल्या. हस्तलिखिताचं नावच ‘कोर्वयाचे साहित्याचे जिन्नस’. त्यात ‘निरूपणं’ आहेत. एक कथा, एक राग, एक ताल, आणि त्यातच जयजय, शरणु, अलारू, शोल्लू, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना असे एकामागून एक अठरा प्रकार, शेवटी मंगळ. अठरा प्रकार, राग मात्र एकच! आजच्या कार्यक्रमात दर दहा मिनिटांनी राग बदलायची सवय झालेल्या नर्तकीला हे केवढं अवघड वाटेल.

हे बाड तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात होतं. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी ते अभ्यासलं, त्यातल्या रचना नाचासाठी नव्याने बसवल्या आणि ‘तंजावूर नृत्यप्रबंध’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुढे हा अभ्यास चालवला. त्या चार भावांच्या वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही त्या शिकल्या. कागदावरचे शब्द, तंजावरच्या घरातली तालीम आणि मुंबई-पुण्याची रंगभूमी अशी तिन्ही टोकं जुळली तेव्हा कुठे ते साहित्य पुन्हा पायांत आलं. नुसतं पुस्तक हाती येऊन ते जमलं नसतं.

आपल्या घरच्या नाचाकडे मात्र आपण एवढं लक्ष दिलेलं नाही. लावणीच्या शब्दांवर पुस्तकं आहेत. म. वा. धोंड यांचं ‘मऱ्हाटी लावणी’ आहे, य. न. केळकरांनी अंधारात पडलेल्या लावण्या जमवून छापल्या. विठाबाई नारायणगावकरांच्या आयुष्यावर योगीराज बागूल यांनी लिहिलं. प्रयोग चालू असताना कनातीमागे बाळंत होऊन पुन्हा बोर्डावर उभ्या राहिलेल्या विठाबाई त्यामुळे घराघरांत माहीत झाल्या. पण त्या नाचायच्या कशा? ढोलकीच्या कोणत्या बोलावर कोणतं पाऊल, मुरका कुठे, अदा कुठे, बैठकीच्या लावणीतली नजर आणि फडावरची नजर यांत फरक काय, हे लिहिणारा टेंबे तिथे अजून कुणी झालेला नाही. साथीला ढोलकीवाला होता, तुणतुणेवाला होता, मागे सूर धरणारे झीलकरी होते. पेटीवर बसलेल्या टेंब्यांसारखेच तेही अगदी जवळ होते. त्यांना कुणी विचारलं नाही, इतकंच.

नारायणगावला दर वर्षी पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात, तारखा ठरतात, बिदागीवरून घासाघीस होते. दुपारी व्यवहार थंडावला की जुने ढोलकीवाले राहुटीत निवांत बसलेले असतात. नृत्याचा किंवा संगीताचा अभ्यास करणारी तरुण मुलं हे भाषण ऐकत असतील तर त्यांनी येत्या पाडव्याला तिकडे जावं. ध्वनिमुद्रक न्यावा, वही न्यावी, आणि पहिला प्रश्न विठाबाईंच्या पावलांचा विचारावा.

नमस्कार.