अर्जात काय मागावे

गावच्या डोंगराला यंत्रे लागली आणि तांबडी माती उघडी पडली, की वाड्यावाड्यांवर एकच प्रश्न विचारला जातो: परवानगी कुणी दिली? हा प्रश्न सरकारला लेखी विचारण्याची वाट गोव्यात तशी जुनी आहे. देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ साली आला, पण गोवा विधानसभेने १९९७ मध्येच स्वतःचा कायदा केला होता.

अर्जाला शुल्क १० रुपये. माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. अर्ज चुकीच्या खात्यात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवणे हे त्या अधिकाऱ्याचे काम आहे.

खरी मेख आहे ती अर्जाच्या शब्दांत. ‘बेकायदा डोंगरकापणीवर कारवाई का झाली नाही?’ असे विचारणाऱ्याचा संताप रास्त असतो, पण अर्ज वाया जातो. कारण दफ्तरात असलेला कागद देणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, नसलेला खुलासा तयार करून देणे नाही. म्हणून नगरनियोजन खात्याकडे असे मागावे: ‘अमुक सर्वे क्रमांकाच्या जमिनीत डोंगरकापणीसाठी अमुक तारखेपासून आजपर्यंत दिलेले परवाने, मंजूर नकाशे, स्थळपाहणीचे अहवाल आणि फाइलवरील टिपणी यांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात.’ यातली टिपणी कधीही वगळू नये. परवान्यावर केवळ निर्णय दिसतो. कुणी हरकत नोंदवली, कुणी ती बाजूला सारली आणि कोणत्या तारखेला, हे मात्र टिपणीच्या पानांवर सह्यांनिशी उतरलेले असते. कागद पुष्कळ असतील, तर आधी कार्यालयात बसून फाइल पाहण्याची मागणी करावी. तोही हक्कच आहे.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी, कारण पुढची सगळी मुदत त्या तारखेवरून मोजली जाते. उत्तरासाठी ३० दिवस. प्रश्न कुणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल, तर ४८ तास. मुदतीत उत्तर न येणे हा कायद्याने नकारच ठरतो आणि त्यानंतर दिलेल्या प्रतींचे पैसे घेता येत नाहीत. तिथून ३० दिवसांत त्याच खात्यातील वरिष्ठांकडे पहिले अपील करावे. तिथेही दाद लागली नाही, तर ९० दिवसांत पणजीच्या गोवा राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते आणि हा आयोग विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो.